बोटीवरचा उपास

दोह्यात कुठेही मराठी कानावर पडलं की मृणालिनीला राहवायचं नाही. सुपरमार्केटमध्ये मागून कुणी म्हणालं, "अगं, ही कोथिंबीर बघ कशी मान टाकून पडलीय," की बाईसाहेब हातातली ट्रॉली तिथेच सोडून वळल्याच. "तुम्ही मराठी का?" मग पुण्यात कुठे, कुठल्या शाळेत, अमक्याला ओळखता का, असं सगळं दुधाच्या फ्रिजसमोर उभ्या उभ्या चालायचं. देवव्रत बिचारा बिल देऊन, सामान गाडीत ठेवून परत यायचा तरी हिचं संपलेलं नसे. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ती दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग घेई. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना समोर बसवून सांगे, की परक्या देशात आपली भाषा बोलणारं माणूस भेटणं म्हणजे घरचं माणूस भेटणं. अगदी मनापासून सांगे. पालकांनाही ते पटायचं.

तिच्या स्वतःच्या लेकीला मात्र ते पटलेलं नव्हतं. ओवी नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीतच येई. "ओवी, जेवायला ये," म्हटलं की आतून "कमिंग, मॉम!" आई म्हण, आई म्हण, म्हणून मृणालिनीने किती डोकं आपटलं असेल, पण पोरीच्या तोंडून ते 'मॉम' काही सुटलं नाही. आईच्याच वर्गात ती मागे बसून चित्रं काढायची.

"दुनियेच्या पोरांना शिकवतेस आणि घरातली कोरडीच," असं सरोजताई अधूनमधून ऐकवत. सरोजताई म्हणजे देवव्रतची आई. थंडीचे दिवस बरे म्हणून नाशिकहून आल्या होत्या. माहेर अलिबागचं, त्यामुळे मासळी हा त्यांचा जीव की प्राण. इथल्या दुकानातली बर्फावरची मासळी बघून त्यांनी पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं होतं. "ह्या माशाचा डोळा बघ. माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोय."

म्हणून मग देवव्रतने जानेवारीतल्या एका शुक्रवारी बोट ठरवली. अल खोरच्या धक्क्यावरून सकाळी निघायचं. बोटीचा कॅप्टनच वाटाड्या. गळ त्याचे, आमिष त्याचं, मासे कुठे लागतात ते दाखवायचं कामही त्याचंच, आणि धरलेल्या मासळीचं जेवण तोच बोटीवर रांधून घालणार. थंडीत तिथला समुद्र तळ्यासारखा निवांत असतो, लहान पोराला घेऊनही जाता येतं. फोनवर बोलणं सगळं हिंदीत झालं. नाव कळलं ते एवढंच, कॅप्टन इरशाद.

हा कॅप्टन इरशाद पन्नाशीतला, कातरलेल्या पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर लोकरीची टोपी घातलेला माणूस निघाला. ही मंडळी धक्क्यावर पोचली तेव्हा तो दोर सोडत होता. सरोजताईंनी शाल घट्ट लपेटून बोटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, एवढीशीच? बुडायची नाही ना रे, देवू?" त्यावर इरशादने झटकन मान वर केली. त्याचा चेहरा हसरा झाला. हातातला दोर टाकून तो पुढे आला आणि काहीतरी बोलण्यासाठी त्याने तोंड उघडलं.

नेमकं तेव्हाच देवव्रत म्हणाला, "नाही बुडत. आणि आई, आज रांधायचं नाही हं तुम्ही कुणी. जेवण हे कॅप्टनच करणार आहेत."

"हा करणार?" सरोजताईंचा आवाज मुळातच खणखणीत. "मी ह्या लोकांच्या हातचं खायची नाही हो, आधीच सांगून ठेवते. कुठल्या भांड्यात काय शिजवलेलं असेल, देव जाणे."

"आई, हळू," मृणालिनी म्हणाली.

"हळू कशाला? त्याला कुठे कळतंय?"

ह्यावर मृणालिनीला सासूला दोन शब्द सुनावता आले असते. ती स्वतः असलं काही मानत नव्हती. निदान मानत नाही असं ती सगळीकडे सांगत असे. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी कुठे वाजवून घ्यायचं? तिने सोपा मार्ग काढला. आपल्याकडे कुणाच्या घरी खायचं नसलं की पिढ्यान्‌पिढ्या जो काढतात तोच. "थांबा, मी सांगते त्याला, तुमचा उपास आहे म्हणून," ती हसून म्हणाली, आणि इरशादकडे वळली. "कॅप्टन, माँजी का आज उपवास है. वो खाना नहीं खाएँगी."

इरशादचं उघडलेलं तोंड आता मिटलं होतं. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग सरोजताईंकडे.

"शुक्रवार का? संतोषी माता का?"

"हाँ, हाँ. वही."

"अच्छा." त्याने दोर पुन्हा उचलला. "फिर तो खट्टा भी नहीं चलेगा. हमारे पडोस में एक मौसी करती थीं. नींबू को हाथ तक नहीं लगाती थीं." मग त्याने सरोजताईंना हात दिला. "आइए माँजी, पैर सँभाल के."

बोटीत बसल्यावर मृणालिनीने आजूबाजूला नजर फिरवली. फळ्या घासूनपुसून लख्ख, गळ ओळीने टांगलेले, कोपऱ्यातल्या शेगडीशेजारी भांडी उलटी घातलेली. तिला बरं वाटलं, आणि आपलं मन मोठं आहे हे कुणाला तरी कळावं असंही वाटलं. ती देवव्रतला म्हणाली, "बघ ना, त्यांच्यातला असून किती स्वच्छ आहे माणूस. आणि आपल्या उपासांची किती माहिती!" इरशाद तिच्यापासून हातभर अंतरावर इंजिन चालू करत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

बोट खाडीबाहेर आली. ऊन कोवळं होतं आणि वारा बोचरा. देवव्रतने ह्या दिवसासाठी मोठा झोकात गळ विकत आणला होता, त्यावरचं लेबलसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. तो घेऊन तो पुढच्या टोकाला जो उभा राहिला, तो दुपारपर्यंत तसाच. मासे त्याचं आमिष सावकाश खाऊन जात होते.

ओवीचं मात्र इरशादशी चांगलंच जमलं. त्याने तिला गळाची काठी दिलीच नाही. नुसती दोरी दिली, टोकाला शिशाचा तुकडा आणि माकुलाचं आमिष. दोरी तिच्या बोटावरून घेऊन तो म्हणाला, "आँख बंद कर. मछली बात करेगी, उँगली से सुन." ओवीने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ती किंचाळली, "इट्स टॉकिंग!" आणि दोघांनी मिळून एक चांगला हातभर लांबीचा शेरी मासा वर ओढला. सरोजताईंनी टाळ्या वाजवल्या. ओवीने आपण होऊन इरशादला टाळी दिली. हे पोर सहसा कुणा परक्याच्या जवळ जात नाही, म्हणून मृणालिनीने तो क्षण फोनमध्ये टिपला.

मग आणखी तीन-चार मासे लागले आणि इरशाद शेगडीकडे वळला. त्याने बसल्या बसल्या मासा साफ केला, तुकड्या केल्या, मीठ-हळद लावली. घरून वाटून आणलेलं वाटण डब्यातून काढलं. पातेल्यात रस्सा रटरटायला लागला आणि वाऱ्याबरोबर वास आला. सरोजताई ताठ बसल्या.

"मृणाल, आमसुलाचा वास येतोय गं."

"चिंच असेल, आई."

"मला चिंच कळत नाही? आमसूल आहे. आणि तिरफळ." सरोजताईंनी पुन्हा नाक वर करून श्वास घेतला. "माझी आई अस्संच करायची."

इथे खरं तर मृणालिनीच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. अल खोरच्या समुद्रात आमसुलं आणि तिरफळं घालून माशाचं कालवण करणारा माणूस कुठला असेल, हे तिच्या वर्गातल्या पोरांनीही सांगितलं असतं. पण इरशाद नावाचा माणूस हिंदी बोलतो म्हणजे तो हैदराबादचा नाहीतर सीमेपलीकडचा, हे तिच्या मनात इतकं पक्कं बसलेलं होतं की नाकासमोरचा वासही तिला उपयोगाचा नव्हता.

जेवणं झाली. म्हणजे तिघांची झाली. देवव्रत दोनदा भात घेऊन जेवला, ओवीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. सरोजताई पातेल्याकडे पाठ करून बसल्या होत्या, तरी दर थोड्या वेळाने त्यांची मान आपोआप वळत होती. भुकेने कासावीस होऊन त्यांनी पिशवीतलं संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं, तेवढ्यात इरशाद समोर येऊन उभा राहिला. हातात एक ताटली. त्यात खजूर, दोन केळी, भाजलेले शेंगदाणे आणि न उघडलेली पाण्याची बाटली.

"माँजी, संतरा नहीं. खट्टा है. आपका उपवास टूट जाएगा." त्याने ताटली खाली ठेवली. "ये सब चलेगा. केले का छिलका आप ही उतारिएगा, मैंने हाथ नहीं लगाया."

सरोजताईंनी संत्रं मुकाट्याने पिशवीत टाकलं. तो चेष्टा करत होता की खरोखरच मनोभावे त्यांचा उपास सांभाळत होता, हे मृणालिनीला ठरवता येईना. 'मैंने हाथ नहीं लगाया' हे शब्द मात्र तिला कुठेतरी टोचले. तिने ते टोचणं बाजूला सारलं आणि हात धुवायला बोटीच्या मागच्या बाजूला गेली.

मागे केबिनच्या आडोशाला इरशाद पातेलं घासत बसला होता. फोन कानाशी खांद्याने दाबून धरलेला. मृणालिनी केबिनच्या कडेला आली आणि थबकली. तो मराठी बोलत होता.

"व्हय आये, दर्यातच हाय. गोळी घेतलीस काय?... नाय गो, थंडी कसली, टोपी हाय डोक्याला... आज गिऱ्हाईक हाय बोटीवर. आपल्याकडचीच मानसं. व्हय, मराठी. म्हातारी हाय, पोरगी हाय येक लहान, लय गुनाची."

थोडा वेळ तो नुसता ऐकत होता. घासणारा हात थांबला.

"तूच धाडलेली आमसुलं घातलेली गो. जेवली, सगळी जेवली. म्हातारी तर दोनदा मागून जेवली. बोलली, माझ्या आयेच्या हातची चव हाय."

मृणालिनी पाऊल न वाजवता मागे फिरली. तिचे हात धुवायचे राहिले होते आणि तोंड कानापर्यंत तापलं होतं. धक्क्यावरची सकाळ तिच्यासमोर पुन्हा उभी राहिली: टाकलेला दोर, हसरा चेहरा, उघडलेलं तोंड. तो काय म्हणणार होता हे आता तिला लख्ख कळलं. ती स्वतः सुपरमार्केटमध्ये जे म्हणते तेच म्हणणार होता. "तुम्ही मराठी का?" त्याला ते म्हणायचं होतं आणि त्याच वेळी त्याला उत्तर मिळालं होतं.

सासूबाईंचं एक वेळ सोडून देता आलं असतं. जुनं माणूस, जुनी खोड. पण 'त्यांच्यातला असून' हे कोण म्हणालं होतं? ते मृणालिनी म्हणाली होती. कौतुक म्हणून म्हणाली होती, ही तर आणखीनच लाजेची गोष्ट. उपासाची थापही तिचीच. आणि सगळ्यात लाज कशाची वाटली, तर तिच्या मनात पहिला विचार आला तो 'मी असं कसं बोलले' हा नव्हताच. 'त्याने ऐकलं' हा होता. त्याला मराठी येत नसतं तर ती आज घरी जाऊन सुखाने झोपली असती.

ती देवव्रतच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ओवी तिथेच खाली बसून बोटावर दोरी गुंडाळत होती.

"देवू, त्याला मराठी येतं," ती कुजबुजली. "कोकणातला आहे तो. सकाळपासून सगळं ऐकलंय त्याने."

देवव्रतने गळावरची नजर काढली. "सगळं?"

"सगळं."

"बापरे." त्याने क्षणभर विचार केला. इंजिनिअर माणूस, बिघाड दिसला की तो झाकायचा उपाय त्याला आधी सुचतो. "हे बघ, तो काही बोलला का? नाही ना? मग आपण कशाला विषय काढायचा? त्यालाही अवघडल्यासारखं होईल. तासाभरात उतरू, खलास. ऑनलाइन पाच स्टार देऊन टाकू, छान रिव्ह्यू लिहू."

"मराठीत लिहू का?" मृणालिनी म्हणाली. ती हे चिडून म्हणाली. ओवीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि ती पुन्हा दोरी गुंडाळायला लागली.

परतीचा प्रवास सुरू झाला. इरशाद सुकाणूवर होता, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मृणालिनीला फक्त उठून तिथे जायचं होतं. 'दादा, माझं चुकलं.' एवढंच म्हणायचं होतं. ज्या भाषेचे ती धडे देत होती त्याच भाषेतले तीन शब्द. ती दोनदा उठली. पहिल्यांदा सासूबाईंची शाल सारखी करून खाली बसली. दुसऱ्यांदा त्याच्यापर्यंत गेली, त्याने "जी मॅडम?" म्हणून पाहिलं, आणि तिच्या तोंडून बाहेर पडलं, "और कितना टाइम लगेगा?"

"बस, आधा घंटा. इन्शाल्ला."

"ओके. शुक्रन," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. मराठी सोडून जगातल्या सगळ्या भाषा तिला त्या घटकेला सुचत होत्या. मग मनाने कारणं पुरवायला सुरुवात केली. त्यालाच नको असेल. आईंचा अपमान होईल. ओवीसमोर नको. कारणं एकाहून एक समजूतदार होती. धक्का जवळ येत गेला आणि तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटायला लागलं. ते वाटतंय हे कळल्यावर तिला स्वतःचीच किळस आली, तरीही ती उठली नाही.

धक्क्यावर इरशादने साफ केलेली उरलेली मासळी पिशवीत बांधून सरोजताईंच्या हातात दिली. "कल उपवास छूटेगा तो बनाइएगा, माँजी." सरोजताईंनी पिशवी आनंदाने घेतली, कच्च्या मासळीला त्यांची हरकत नव्हती. देवव्रतने जरा जास्तच उत्साहाने हात पुढे केला. इरशादने स्वतःचे हात मागे घेतले.

"हाथ गंदे हैं, साहब."

ते स्वच्छ होते. त्याने आत्ताच साबणाने धुतलेले मृणालिनीने पाहिले होते. देवव्रतचा हात थोडा वेळ हवेत राहिला आणि मग खिशात गेला.

मंडळी गाडीकडे निघाली. चार पावलं गेल्यावर मृणालिनीच्या लक्षात आलं, की ओवीचा हात आपल्या हातात नाही. ती वळली. ओवी मागे, बोटीच्या कडेशी उभी होती. बोटावर गुंडाळलेली दोरी तिने सोडवून इरशादला परत दिली. तो खाली वाकला.

"काका," ओवी म्हणाली. मृणालिनीला आधी कळलंच नाही की हा आवाज कुणाचा. पोर एकेक शब्द शोधून, उचलून ठेवत होती. "माझ्या आजीला... उपास नव्हता. आम्ही खोटं बोललो. ते... ते चुकीचं होतं. सॉरी."

सरोजताईंच्या हातातली पिशवी खाली आली. देवव्रत "ओवी!" म्हणाला. इरशादने त्या पोरीकडे पाहिलं. सकाळी धक्क्यावर जो हसरा चेहरा उघडता उघडता मिटला होता, तो हळूहळू परत आला, पण फक्त तिच्यापुरता. उरलेल्या तिघांकडे त्याने पाहिलं नाही.

"म्हाईत हाय मना, बाय," तो म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पन तू मराठी किती चांगलं बोलतंस गो. कोनी शिकवलान तुला?"

मृणालिनी ह्या प्रश्नाची चार वर्षं वाट पाहत होती. मंडळाच्या कार्यक्रमात, शेजारणींसमोर, नाशिकच्या नातेवाइकांसमोर कुणीतरी तो विचारावा आणि आपण तिथे असावं, असं तिला फार वाटे. आज ती तिथे होती. धक्क्यावरच्या उन्हात, सासू आणि नवऱ्याच्या मधोमध, आणि आता पोरीने इंग्रजीत उत्तर द्यावं, निदान आपलं नाव घेऊ नये, एवढीच देवाकडे मागणी करत.

ओवीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि मग इरशादला सांगितलं.

"आईनं."